वजनकाट्यापाशी थांबलेला बैल

मागच्या हंगामात, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांच्या रांगेतून चाललो होतो. वजनकाट्यापर्यंत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. एका गाडीशेजारी वास आला. मळीचा नव्हे, शेणाचाही नव्हे. गोडसर, कुजका, नाकात बसून राहणारा. ज्याने तो एकदा घेतला आहे त्याला दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. उजव्या अंगाचा बैल मान टाकून उभा होता आणि खांद्याचे कातडे सारखे थरथरवत होता. गाडीवानाने जू सैल करून दाखवले. खांद्यावर रुपयाएवढे भोक. मोबाइलच्या उजेडात पाहिले तर आत पांढरट टोके दाटीवाटीने लागलेली. वर येत होती, उजेड पडला की आत सरत होती.

गाडीवान बीडकडचा, तिशीतला. "चार दिस झालं," एवढेच म्हणाला. डॉक्टरांना दाखवलं का, असे विचारल्यावर त्याने दिवसाचा हिशेब सांगितला. पहाटे चारला फडात, दुपारी गाडी भरायची, संध्याकाळपासून इथे रांगेत, काटा झाला की रात्री तळावर परत. "ह्यात डाक्टर कवा गाठायचा, दादा?" गाडीच्या कडेला बसलेली त्याची बायको म्हणाली, "डिझेल वतलं हुतं. तर समदं अजून आत शिरलं."

आमच्या भागात याला कोणी आसडी म्हणते, कोणी आसाडी. बहुतेक जण ‘किडे पडले’ एवढेच म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा, घोड आणि कालव्यांच्या पाण्यावर उसाचे झाले. उसामागून कारखाने आले, कारखान्यांमागून तोडीच्या टोळ्या आल्या. जिराईत पट्ट्यातून मेंढरांचे कळप तर पूर्वीपासून फिरतात. इतकी जनावरे आणि उघड्यावर राबणारी इतकी माणसे जिथे एकत्र येतात तिथे माशी असायचीच, असे म्हणून आपण विषय संपवतो. मला हे पटत नाही. माशी जखम करत नसते, ती जखम हुडकत असते. जखम होते ती आपण लावून दिलेल्या कामामुळे, आणि उघडी राहते ती आपण उभ्या केलेल्या व्यवस्थेमुळे. म्हणून या माशीचा बंदोबस्त हा कीटकनाशकाचा प्रश्न नाही. जखम कोणाच्या जबाबदारीची, हा खरा प्रश्न आहे.

आधी ही माशी कोण ते नीट समजून घेऊ. घरात भणभणणारी किंवा मेलेल्या ढोरावर घोंघावणारी माशी ती नव्हे. मेलेल्या ढोरावरच्या अळ्या सडके मांस खातात. हिची अळी जिवंत मांसावरच वाढते, मेलेल्या अंगावर तिचे भागत नाही. शास्त्रात तिचे नाव क्रायसोमिया बेझियाना. आफ्रिकेपासून आपल्याकडे आणि पुढे पापुआ न्यू गिनीपर्यंत तिचा मुलूख आहे. निळसर हिरव्या चकाकीची मादी बहुधा दिवस कलल्यावर जखमेच्या काठावर येते आणि शे-दोनशे अंडी घालते. ती अंडी पांढरी, कौलांसारखी एकाला एक लागून, घट्ट चिकटलेली असतात. एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात आणि डोके मांसात खुपसतात. शेपूट वर ठेवतात, कारण त्यांचा श्वास शेपटाकडच्या छिद्रांतून चालतो. अंगाभोवती काट्यांची वळी असतात, स्क्रूच्या आट्यांसारखी. इंग्रजी नाव स्क्रूवर्म ते यावरूनच. पाच ते सात दिवस खाऊन पोसली की अळी जमिनीवर पडते, मातीत कोष करते आणि उबदार हवेत साधारण आठवड्याभरात नवी माशी होऊन उडते. दरम्यान जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याचा वास आणखी माद्यांना बोलावत राहतो. चार दिवसांपूर्वी जू घासून निघालेले सालटे रुपयाएवढे भोक होते ते असे.

यातून एक गोष्ट उघड होते. अंडी घातल्यापासून अळी मांसात शिरेपर्यंत आपल्या हातात एक दिवससुद्धा पुरता नसतो. त्या वेळात कोणी जखमेवर नजर टाकली, काठावरची पांढरी चिकट अंडी खरवडून काढली आणि मलम लावले, तर पुढचे काहीच घडत नाही. दुसरी गोष्ट अशी की गोठ्यात फवारणी करून ही माशी मरत नाही, कारण ती गोठ्यात राहतच नाही. ती झाडाझुडपांत असते, माणसाच्या नजरेला क्वचित पडते, जखमेपुरती येते आणि जाते. शेणाचे खड्डे झाकणे, गोठा कोरडा ठेवणे, हे चावऱ्या माश्यांसाठी आणि घरमाश्यांसाठी जरूर करावे. पण तेवढ्याने आसडी टळत नाही. ती टळते रोज एकदा जनावराच्या अंगावरून हात फिरवला तर. तोही शक्यतो संध्याकाळी, दावणीला बांधताना.

त्या रात्री ओळखीचे एक खाजगी डॉक्टर साडेदहाला आले. त्यांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात दाबून धरला आणि थांबले. श्वास कोंडला की अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक काढत गेले. स्टीलच्या ताटलीत मी शंभरापर्यंत मोजल्या, पुढे मोजणे सोडले. बैल एकदाही हलला नाही. गाडीवानाच्या बायकोने त्याचे तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवले होते आणि ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरांनी जखम धुतली, आयोडीन भरले, वरून माशी न बसणारे मलम लावले, इंजेक्शन दिले. ताटलीतल्या अळ्या त्यांनी जाळायला लावल्या. आपल्याकडे काढलेल्या अळ्या तिथेच मातीत झटकून टाकतात आणि काम झाले असे समजतात. पूर्ण पोसलेली अळी मातीत पडली म्हणजे तिला हवे तेच मिळाले. दोन आठवड्यांनी तीच माशी होऊन शेजारच्या बैलावर येते.

डिझेल, रॉकेल, फिनेल, फवारणीचे विषारी औषध हे सारे जखमेत ओतले जाते आणि त्याने मांस जळते, विष अंगात भिनते. सीताफळाच्या पाल्याचा रस मात्र जुन्या अनुभवातून आलेला उपाय आहे, त्याने अळ्या मरतात. बियांची पूड वापरताना मात्र सांभाळायला हवे, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते. गावठी उपायांना नावे ठेवायची मला इच्छा नाही. ज्याच्यापर्यंत डॉक्टर पोचत नाही तो हाताशी असेल ते वापरणार.

आपल्याकडे ही माहिती नव्हती असेही नाही. सुश्रुतसंहितेत माश्या व्रणावर येऊन कृमी टाकतात, त्याने सूज आणि वेदना वाढतात, असे स्पष्ट सांगितले आहे. व्रण धुण्यासाठी काढे सांगितले आहेत, मांसाचा तुकडा वर ठेवून कृमींना बाहेर ओढायची युक्ती सांगितली आहे, कडुनिंब, मोहरी, गुग्गुळ यांची धुरी द्यायला सांगितले आहे. नाकातून डोक्याकडे जाणाऱ्या कृमींचा रोगही त्यात वेगळा सांगितला आहे. युरोपात फ्रान्चेस्को रेडीने मांसातल्या अळ्या माशीपासूनच होतात हे प्रयोगाने दाखवले ते १६६८ साली. म्हणजे कारण माशी आहे, हे आपल्या वैद्यांना त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

आणि तरीही आपल्या भाषेत ‘किडे पडतील’ हा शाप झाला. वैद्याने जी गोष्ट माशीवर ठेवली ती समाजाने माणसाच्या पापावर नेऊन ठेवली. या शापाने किती नुकसान केले आहे ते दवाखान्यात काम करणाऱ्यांना विचारा. शिरूर तालुक्यात टोळीतल्या एका बाईच्या नडगीला कोयता लागला होता. तिने फडके गुंडाळले आणि काम चालू ठेवले. पाचव्या-सहाव्या दिवशी आत काहीतरी वळवळते असे तिला जाणवले, तेव्हा ती नवऱ्यालाही बोलली नाही. दुखण्यापेक्षा लोक काय म्हणतील हे तिला मोठे वाटले. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीने वासावरून ओळखले म्हणून तिचा पाय वाचला. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेला रात्रीचा रखवालदार, कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गमावलेला वृद्ध, अंथरुणाला खिळलेली, जिची कूस कोणी बदलून देत नाही अशी आजी, नाकाचे जुने दुखणे असलेला मजूर, ही माणसे या माशीला सापडतात. त्यांतल्या एकाचेही पाप नसते. त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

आता जखमेकडे येऊ. बैलाचा खांदा का फुटतो? जू नीट बसलेले नसते, दोन बैल उंचीला सारखे नसतात, गाडी पुढच्या बाजूला जास्त भरलेली असते, फडातून रस्त्याला लागताना चाक रुतते आणि सगळे ओझे खांद्यावर येते. आधी खांदा सुजतो, मग सालटे निघते. या वेळी बैलाला आठ दिवस विश्रांती दिली तर खांदा आपोआप भरतो, हे प्रत्येक गाडीवानाला माहीत आहे. मग तो देत का नाही? कारण एक बैल बसला की जोडी बसते, जोडी बसली की गाडी बसते, गाडी बसली की नवरा-बायकोचा अख्खा कोयता बसतो. उचल आधीच घेऊन खर्च झालेली. त्यात खाडा पडला की पैसे कापले जातात. बैलाची जखम बरी व्हायला लागणारे आठ दिवस ही त्या कुटुंबाला न परवडणारी वस्तू आहे. त्या रात्री पाहिलेला बैल पुढे नऊ दिवस बसून होता. त्या नऊ दिवसांचा भार ना कारखान्याने उचलला, ना मुकादमाने, ना ज्याचा ऊस तुटला त्या शेतकऱ्याने. तो गाडीवानाच्या उचलीत मिळवला गेला.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा म्हणतो की जखमेमुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६५ च्या नियमांत ओढकामाच्या जनावरांच्या ओझ्याला मर्यादा आहे, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन नको, असे सगळे लिहिलेले आहे. हा दंड उद्या पन्नास हजार केला तरी तो भरणार कोण? तोच गाडीवान. साखळीत सगळ्यांत खाली उभ्या असलेल्या माणसाला धरणे सोपे असते. म्हणून प्राणिमित्रांचा एक गट आवारात येऊन गाडीवानांवर ओरडला की मला त्यांच्या कळकळीबद्दल आदर वाटतो, पण त्यांनी चुकीच्या दारावर थाप मारली असेही वाटते. बैलाचा खांदा आणि बाईची नडगी एकाच वेळापत्रकाने फुटते. ते वेळापत्रक गाडीवान ठरवत नाही.

शिरूर आणि उत्तर पुणे जिल्ह्यात बऱ्याच गावांत पोळा श्रावणात नव्हे, भाद्रपदाच्या अमावास्येला होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी. कोमट पाण्याने बैलाचा खांदा शेकायचा, तूप-हळद चोळायची, उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचे. लहानपणी मी हे नुसता सण म्हणून पाहिले. आता वाटते, ज्याने कोणी ही रीत घातली त्याला नेमके माहीत होते की बैलाच्या अंगावर जिथे सगळ्यात जास्त अन्याय होतो तिथे माणसाचा हात पोचला पाहिजे. खांदेमळणीनंतर महिन्या-दीड महिन्यात गळीत हंगाम सुरू होतो. वर्षातून एक दिवस ज्या खांद्याला तूप लावले तो पुढचे पाच महिने कोणी उघडूनही पाहत नाही. रीत जिवंत ठेवायची असेल तर ती कारखान्याच्या आवारात चालू राहिली पाहिजे.

मेंढपाळांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचा बैल नाही, जू नाही, पण जखमा आहेत: लोकर कातरताना लागलेली कातर, कुत्र्याचा चावा, तारेचे ओरखडे, पावसाळ्यात खुरांत झालेली चीर, नव्या कोकराची ओली नाळ. कोकरू जन्मल्यावर नाळेला आयोडीन लावले तर निम्मी चिंता मिटते. लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचली तर त्या रोगाने खुरांत होणाऱ्या जखमा टळतात, मग त्यांत अळ्या कुठून पडणार? जनावरांचे डॉक्टर हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण मेंढपाळांना आणखी एका माशीने गाठलेले असते. तिचे नाव एस्ट्रस ओव्हिस. ती अंडी घालत नाही. उडता उडता मेंढीच्या नाकपुडीवर जिवंत अळ्यांचा फवारा मारते. भर दुपारी मेंढरे एकाएकी तोंडे जमिनीला लावून, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात ते या माशीच्या भयाने. अळ्या नाकातून कपाळाच्या पोकळीत जातात, मेंढी महिनोन्‌महिने शिंकत, शेंबडत राहते. आणि कधी कधी ही माशी मेंढीऐवजी मेंढपाळाच्या डोळ्यावर तोच फवारा मारते. डोळ्याला काहीतरी आदळल्यासारखे वाटते, थोड्या वेळात डोळा लाल होतो, आत वाळू गेल्यासारखे खुपते. डोळे आले म्हणून औषधाच्या दुकानातले थेंब घातले जातात. खरे तर त्या वेळी डोळ्यावर नुसत्या नजरेला जेमतेम दिसतील अशा अळ्या सरपटत असतात. भूल देणारे थेंब घालून डॉक्टर त्या चिमट्याने काढतात, दहा मिनिटांचे काम. मात्र डॉक्टरने विचारायला हवे, "मेंढरं राखता का?" आमच्या ग्रामीण रुग्णालयांत हा एक प्रश्न रुग्णाच्या कागदावर छापला गेला तरी मोठे काम होईल.

जनावराचे दुखणे जनावरांच्या दवाखान्यात आणि माणसाचे माणसांच्या, ही भिंत माशीला ठाऊक नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने चढउताराचा ताप येत होता. २००४ मध्ये त्याच्या रक्तात जो परजीवी सापडला तो जनावरांना सर्रा नावाचा रोग करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी होता. गुरांमध्ये तो गोमाशीसारख्या चावऱ्या माश्या पसरवतात. माणसाला त्याची बाधा झाल्याचे तोवर कोणी सिद्ध केलेले नव्हते. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन या परजीवीला मारते, आणि या शेतकऱ्याच्या रक्तात नेमके तेच प्रथिन नव्हते, असे पुढच्या तपासणीत दिसले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. अशी बाधा अतिशय दुर्मीळ आहे, तिची भीती बाळगायचे कारण नाही. मला त्यातून एवढेच दिसते की गोठ्यात काय चालले आहे हे माणसांच्या डॉक्टरला कळणे गरजेचे आहे, आणि ते कळवायची आपल्याकडे रीतसर वाट नाही.

कोणी म्हणेल, इतकी चिंता कशाला, अमेरिकेने तर ही माशी समूळ नष्ट केली, आपणही तसे करू. ती हकीकत खरोखर थोर आहे. तिकडची माशी याच कुळाच्या सवयींची, पण वेगळ्या जातीची. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या कीटकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की तिची मादी आयुष्यात एकदाच जुगते. मग कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचे आणि विमानातून सोडायचे. रानातल्या मादीला वांझ नर भेटला की तिची अंडी फुकट गेली. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर हे यशस्वी झाले, १९६६ मध्ये अमेरिकेने मुक्ती जाहीर केली, पुढे ही रेषा दक्षिणेकडे सरकत पनामापर्यंत गेली. १९८८ मध्ये तीच माशी जनावरांबरोबर लिबियात पोचली तेव्हा मेक्सिकोहून वांझ माश्या विमानाने नेऊन तिथेही तिचा नायनाट केला.

पण या कथेचा उरलेला भागही वाचला पाहिजे. १९७२ मध्ये अमेरिकेतच ही माशी उसळली आणि एका वर्षात ९० हजारांवर जनावरांना बाधा झाली. थंडी सौम्य होती, हरणे वाढली होती, आणि माशी गेली म्हणून पशुपालकांनी जखमा तपासायचे सोडले होते. २०२३ पासून ती पुन्हा पनामातून उत्तरेकडे निघाली, २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोत सापडली, आणि तिच्या भीतीने अमेरिकेने मेक्सिकोची जनावरे सीमेवर अडवली. वांझ माश्यांच्या त्या अवाढव्य योजनेचा पायासुद्धा रोज जनावर पाहणारा, अळी सापडली तर बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवणारा पशुपालक हाच होता. शिवाय पनामाची जमीन म्हणजे दोन समुद्रांमधली चिंचोळी पट्टी, तिथे बांध घालता आला. आपली माशी अर्ध्या जगावर पसरलेली, भटक्या कुत्र्यांपासून रानडुकरांपर्यंत सगळ्यांवर वाढणारी. इथे तसा बांध घालायला जागा नाही. वांझ माशीची वाट पाहत बसणे म्हणजे आजचा बैल मरू देणे.

आपल्याकडे मग काय आहे? औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांत दवाखाने आहेत, १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पथके आहेत. माणसे कामसू आहेत. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा त्यांनी गावोगाव लस टोचलेली मी पाहिली आहे. उणीव आहे ती मांडणीत. दवाखाना गावाचा असतो, आणि टोळीचे बैल त्या गावाचे नसतात. मेंढरांचा वाडा आज एका शिवारात, परवा दुसऱ्या. नोंदीत ते पारनेरचे किंवा बीडचे, आणि दुखणे मात्र शिरूर-दौंडमध्ये होते. टोळीतल्या बायका-मुलांचेही तसेच, आशाताईंच्या यादीत त्यांची नावे नसतात. फिरणाऱ्याला कायमचा पत्ता विचारणारी सेवा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कधी कधी तर जखम सरकारी हाताने होते. बारा आकडी पिवळा बिल्ला कानाला लावतात, तो आवश्यकच आहे, त्याशिवाय लसीकरणाची नोंद राहत नाही. पण भोक पाडल्यावर मलम न लावता पुढच्या जनावराकडे गेले की काही कानांत अळ्या पडतात. मग शेतकरी बिल्ल्यालाच विरोध करतो, आणि आपण त्याला अडाणी ठरवतो. बिल्ल्याबरोबर मलमाची नळी दिली तर हा वादच राहणार नाही.

काही जखमा तर नोंदीतच येत नाहीत. शिरूरमध्ये बिबट्याने माणसे मारली, ते दुःख फार मोठे आहे आणि त्याची बातमी व्हायलाच हवी. जनावर मारले तर वनखाते पंचनामा करते, भरपाई देते. परंतु बिबट्याच्या तावडीतून सुटून मानेवर दातांच्या खुणा घेऊन आलेली शेळी आठ-दहा दिवसांनी त्याच जखमेतल्या अळ्यांनी मरते, तेव्हा त्या मरणाची नोंद कुठेच होत नाही. जखमेत किडे पडून किती जनावरे दगावली, किती माणसांचे पाय गेले, याची तालुकावार मोजणी झाली तर हा विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून मला एक साधी जागा सुचते: वजनकाटा. फडात टोळ्या विखुरलेल्या असतात, कोप्या बांधाबांधाने असतात, पण दिवसातून एकदा प्रत्येक बैल काट्यापाशी येतो आणि तिथे तासन्‌तास उभा राहतो. या रांगेतच, संध्याकाळी पाच ते नऊ, एक पशुधन पर्यवेक्षक बसवा. जू उतरवून खांदा, शिंगाचे बूड, खूर, शेपटीचे टोक पाहायचे, टर्पेंटाइन, आयोडीन, मलम आणि चिमटा हाताशी ठेवायचा. शेजारच्याच टेबलावर एक परिचारिका. हातपाय कापले असतील तर धुवून पट्टी करायची, धनुर्वाताची सुई द्यायची, चुलीशी ठेवायला स्वच्छ पट्ट्या द्यायच्या. काट्याच्या पावतीवर १९६२ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ज्या बैलाला डॉक्टरने विश्रांती लिहून दिली त्याच्या दिवसांचा खाडा गाडीवानावर टाकू नका. उसाच्या टनामागे कारखान्यांकडून निधी घेऊन लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे केले आहे. या दिवसांची भरपाई त्याच्या कामाच्या कक्षेत यायला हवी. ज्या साखरेचे पोते या खांद्यावरून जाते तिच्या हिशेबात या खांद्याच्या औषधाला जागा नाही, असे कुठल्या संचालकाला म्हणवेल?

यांत्रिक तोडणी येत आहे, बैलगाड्या कमी होत आहेत, दहा वर्षांनी हा प्रश्नच उरणार नाही, असे एका ओळखीच्या अधिकाऱ्यांनी मला समजावले. कमी होत असतील. पण ज्या बैलावर आज अळ्या आहेत त्याला दहा वर्षे नाहीत, पाच दिवस आहेत.

दौंड-शिरूरच्या सर्व कारखान्यांच्या संचालक मंडळांना आणि तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा बॉयलर पेटवण्याची आणि मोळी टाकण्याची तारीख ठरवाल तेव्हा त्याच बैठकीत या दोन टेबलांचाही ठराव करा. त्यासाठी वेगळी इमारत नको, नवी योजना नको. काट्यापाशी सावली आहे, दिवा आहे, पाण्याचा नळ आहे, आणि बैल तिथे रोज थांबलेलाच असतो.